‘स्वतः बनवला’ म्हणजे नेमकं काय केलं?

मराठीतलं ‘बांधणे’ हे क्रियापद फार उदार आहे. गावात कुणाचं दोन मजली घर झालं की मालक सांगतो, ‘औंदा घर बांधलं.’ विटा गवंड्यानं रचल्या, स्लॅब सेंट्रिंगवाल्यांनी टाकला, त्यावर दिवसातून दोनदा पाणी घरातल्या बायकांनी मारलं. मालकानं जागा, कर्ज आणि डोकेदुखी यांची व्यवस्था केली. खरं तर आपल्या भाषेत ‘बांधून घेतलं’ म्हणायची सोय आहे. पण बोलताना त्यातलं ‘घेतलं’ गळतं आणि त्याबरोबर आठ-दहा माणसंही गळतात.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी मी एक छोटा डेस्कटॉप संगणक ‘स्वतः बनवला’. ही अवतरणचिन्हं मी मुद्दाम घातली आहेत आणि पुढचा सगळा लेख त्यांच्याबद्दल आहे. मी पेठ वडगावात राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. कोड लिहितो, पण संगणकाचे भाग सुटे-सुटे आणून जोडायची ही पहिलीच वेळ. पुढचे कित्येक दिवस मी भेटेल त्याला ‘मी बनवला’ असं सांगत होतो. आमच्या काकांनी एकदा तो डबा चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, ‘ह्यातलं तू काय बनवलंस रं?’

प्रश्न खवचट नव्हता. काकांचं वडगावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी ते पस्तीस वर्षं भरतात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला नीट उत्तर देता येईना.

चुकायची मुभा

आधी हा डबा काय आहे ते सांगतो. मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणजे लहानशा भाकरीएवढा. हा आकार २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीनं आणला. त्याच्याभोवती प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पंखा आणि एसएमपीएस बसवायचा. अशा लहान कॅबिनेटचं माप लिटरमध्ये सांगतात. माझं दहा लिटरचं आहे. तेलाचा मोठा डबा त्याहून मोठा असतो.

जोडायला मला एक दुपार लागली आणि हत्यार एकच, स्क्रू ड्रायव्हर. त्यात कौशल्य किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर फार नाही. रॅमची खाच मुद्दाम मधोमध ठेवलेली नसते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. एसएमपीएसची जाड वायर एकाच बाजूनं आत जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. माझ्या हातून चूक होऊ नये याची काळजी मला कधीही न भेटलेल्या इंजिनियरांनी आधीच घेऊन ठेवली होती.

पाणिनीनं व्याकरणात कर्ता कुणाला म्हणायचं हे ठरवताना स्वातंत्र्याचा निकष लावला. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. बाकीचे कुणी साधन, कुणी आधार. हा निकष लावला तर त्या दुपारी माझं कर्तेपण डळमळीत होतं. जिथे चुकायची मुभाच जवळजवळ नाही, तिथे स्वातंत्र्य कसलं? त्या जोडकामात स्क्रू ड्रायव्हर जितका साधन होता, जवळपास तितकाच मीही होतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. जोडण्याआधीचे तीन आठवडे वेगळे होते. मोठ्या कॅबिनेटमध्ये काहीही घेतलं तरी मावतं. लहान डब्यात प्रत्येक भाग शेजारच्याशी भांडतो. उंच कूलर घेतला तर झाकण लागत नाही, बुटका घेतला तर उन्हाळ्यात पंखा किंचाळतो. मोठा एसएमपीएस घेतला तर वायरी कोंबाव्या लागतात आणि हवेची वाट बंद होते. आमचं घर रस्त्याला लागून आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या धुळीनं खिडकीच्या गजांवर थर बसतो, म्हणून जाळी हवी. जाळी लावली की हवा कमी येते. हवा कमी म्हणून कमी विजेचा, ६५ वॅटचा प्रोसेसर. म्हणजे वेग थोडा सोडायचा. यातलं एकही उत्तर कुठल्या खाचेत आधी कोरून ठेवलेलं नव्हतं. इथे चुकायची पूर्ण मुभा होती, म्हणून इथे मी थोडा तरी कर्ता होतो.

म्हणजे काकांना पहिलं उत्तर असं देता आलं असतं: ‘बनवलं काही नाही, ठरवलं मी.’ पण तेवढंच खरं असेल तर घरमालकाचं ‘बांधलं’ही खरंच आहे. ठरवलं त्यानंच होतं.

असेंबल्ड आणि बिल्ड

इथे एक न आवडणारी गोष्ट बोलायला हवी. माझ्या लहानपणी संगणक दोन प्रकारचे असत, ब्रँडेड आणि असेंबल्ड. असेंबल्ड म्हणजे स्वस्तातला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग यायचे, तालुक्याच्या गावातला कुणी पोरगा ते जोडून द्यायचा, आणि घेणारा पाहुण्यांना जरा चाचरतच सांगायचा, ‘असेंबल केलेला आहे.’ आज तेच काम, तसेच भाग, तोच स्क्रू ड्रायव्हर. पण करणारा पगारदार इंजिनियर असला की त्याला ‘कस्टम बिल्ड’ म्हणतात. फोटो काढतात. मीही काढले.

कोल्हापुरात मी ज्या दुकानातून कॅबिनेट घेतलं, तिथला माणूस पंधरा वर्षं हे काम करतोय. त्यानं किती संगणक जोडले असतील याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. त्याच्या तोंडून मी ‘बनवला’ हा शब्द एकदाही ऐकला नाही. तो म्हणतो, ‘काल दोन असेंबल केले.’ मी आयुष्यात एक जोडला आणि मी निर्माता. त्यानं शेकड्यांनी जोडले आणि तो असेंबलवाला. कामाचं नाव कामावरून पडत नाही, करणाऱ्याच्या पत्तीवरून पडतं. जे आपण पोटासाठी करतो ते काम, हौसेसाठी करतो ती निर्मिती, असा काहीतरी हा उफराटा न्याय आहे.

आणि हौसेचा अभिमान तसा बेभरवशाचाच. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिअली या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आयकियाच्या पेट्या, कागदाच्या घड्यांचे प्राणी, लेगोचे संच स्वतः जोडायला दिले आणि मग त्यांची किंमत विचारली. स्वतः जोडलेल्या ओबडधोबड वस्तूलाही लोक भरघोस किंमत लावत होते. अर्धवट राहिलेल्या किंवा जोडून परत मोडलेल्या वस्तूंबाबत मात्र तो मोह दिसला नाही. म्हणजे पंखा फिरला तेव्हा माझ्या छातीत जे भरून आलं, ते खोक्यातल्या सूचना वाचून पेटी जोडणाऱ्या कुणाच्याही छातीत भरून येतं. त्यावरून मी काही केलं हे सिद्ध होत नाही.

कोल्हापूरचा कॅमेरा, पुण्याचा परम

मग ‘स्वतः’ हा शब्द कुणीच वापरू नये का? आमच्याच जिल्ह्यातला एक दाखला बघू. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव या भावांना सिनेमानं झपाटलं. त्यांनी चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय केला आणि जोडीनं स्वतःचा कॅमेरा तयार करायची खटपट सुरू केली. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम चालू ठेवलं आणि १९१८च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. हे बाबूराव म्हणजे बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री.

आपण याला ‘स्वदेशी कॅमेरा’ म्हणतो आणि योग्यच म्हणतो. पण त्यात चालणारी फिल्म परदेशातून यायची. कॅमेऱ्याची कल्पनाही कोल्हापुरात जन्मलेली नव्हती.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं उभारलेला संगणक पूर्ण क्षमतेनं सुरू झाला. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती, म्हणजे आजच्या हिशेबानं १० केबी. माझ्या डब्यातली १६ जीबी रॅम त्याच्या सोळा लाख पट भरते. पण तिच्यातला एकही बिट कुठे आहे हे मला बोट ठेवून दाखवता येणार नाही. टिफ्रॅकवाल्यांना येत असणार.

तिसरा दाखला पुण्याचा. अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. भारताचा स्वदेशी महासंगणक. त्यातले प्रोसेसर होते ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे, टी-८०० ट्रान्सप्युटर. बाजारात मिळणारे. ते एकमेकांना कसे जोडायचे, काम कसं वाटायचं, त्यावरची प्रणाली कशी लिहायची, हे पुण्यात ठरलं. थोडक्यात, ‘परम’सुद्धा एका अर्थानं असेंबल्डच होता.

सरकारी कागदावर तर हा शब्द आणखी निसरडा होतो. ३ ऑगस्ट २०२३ला केंद्र सरकारनं लॅपटॉप, टॅबलेट आणि ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ म्हणजे अगदी छोट्या संगणकांच्या आयातीसाठी परवाना लागेल असं जाहीर केलं आणि लगेच अंमलबजावणी पुढे ढकलली. सुटे भाग त्या यादीत नव्हते. तोच प्रोसेसर बंद डब्यातून आला तर परदेशी संगणक, वेगळ्या खोक्यातून आला तर माझा!

या तिघांना ‘स्वतः’ म्हणायचा हक्क कशानं मिळाला? सगळे भाग स्वतः घडवले म्हणून नाही. तसा निकष लावला तर जगात कुणीच काही बनवत नाही. आमच्या तालुक्यातल्या हुपरीत चांदीचे पैंजण होतात. तिथे कुणी तार ओढतं, कुणी घुंगरू करतं, कुणी डाग देतं. अख्खं पैंजण एका हातात पहिल्यांदा येतं ते घालणारीच्या. आणि चांदीची खाण हुपरीत नाही.

मला वाटतं, हक्क वेगळ्या गोष्टीनं मिळतो. तो कॅमेरा अडकला तर उघडून बघणारा माणूस कोल्हापुरातच होता. परम बंद पडला तर पुण्यातल्याच लोकांची झोप उडणार होती.

काकांची वही

काकांच्या दुकानात एक जुनी वही आहे. जळालेली मोटर आली की ते आधी जुनं वाइंडिंग बाहेर काढतात. काढताना वेढे मोजतात, तारेचा गेज मोजतात आणि वहीत लिहितात: कुठल्या कंपनीची, किती एचपी, किती खाचा, किती वेढे, तारीख, शेतकऱ्याचं नाव. मग इन्सुलेशनचा कागद, नवी तांब्याची तार, बांधणी, वार्निश, वाळवण. आपल्याकडे शेतीला वीज पाळीनं येते, कित्येकदा रात्री. ऊस वाळत असतो आणि मोटर दुकानात असते. त्या दोन दिवसांत शेतकरी चार वेळा फेरी मारतो.

काका कधीच म्हणत नाहीत की मोटर बनवली. ‘भरली’ म्हणतात. अगदी नेमका शब्द. पण तीच मोटर दोन महिन्यांत पुन्हा जळून आली, तर ते वही उघडतात, दोष आपला निघाला तर फुकट भरून देतात, व्होल्टेजचा निघाला तर तसं तोंडावर सांगतात. तार त्यांनी ओढलेली नाही, तांबं त्यांनी खाणीतून काढलेलं नाही. पण ती तार निवडल्याबद्दल विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे आहे.

मराठीत यासाठी शब्द आहे, ‘निस्तरणे’. केलेलं निस्तरावं लागतं, असं आपण बहुतेक वेळा शिव्या देताना म्हणतो. पण मला तो कर्तेपणाचा सगळ्यात प्रामाणिक निकष वाटतो. जेवढं निस्तरायची तयारी आहे, तेवढंच ‘मी केलं’ म्हणावं. श्रेय आणि जबाबदारी एकाच मापानं मोजावी.

हे मला माझा डबा पहिल्यांदा सुरू करताना अंगावर येऊन कळलं. बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. नव्या डीडीआर-५ रॅमशी जुळवून घ्यायला मदरबोर्डला पहिल्या वेळी काही मिनिटं लागतात, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या काळ्या पडद्यासमोर बसल्यावर जाणवलं की आता फोन करायला कुणी नाही. प्रत्येक भागाची कंपनी आपापल्या भागापुरती वॉरंटी देते. सगळे मिळून चालतील, याची वॉरंटी फक्त मी. चार-पाच मिनिटांनी पडदा उजळला. पण छातीत भरून आलं त्यापेक्षा ती चार-पाच मिनिटं ‘मी बनवला’ या वाक्याच्या जास्त जवळची होती.

या निकषाचे परिणाम मात्र मान्य करावे लागतात. पहिला म्हणजे कोल्हापूरचा तो असेंबलवाला माझ्यापेक्षा मोठा निर्माता ठरतो. मी एका डब्याचं आणि तेही फक्त स्वतःला उत्तर देतो. तो अनोळखी गिऱ्हाइकांच्या शेकडो डब्यांचं देतो. दुसरा परिणाम असा की घरमालकाचं ‘बांधलं’ पहिल्या पावसात ठरतं. गळती लागल्यावर तो गवंड्याच्या नावानं ओरडत असेल, तर त्यानं ‘बांधून घेतलं’ म्हणावं.

तळ लागत नाही

तिसरा परिणाम जास्त अडचणीचा आहे. या निकषानं माझा डबा पूर्ण माझा होत नाही. आजच्या प्रोसेसरच्या आत आणखी एक छोटा प्रोसेसर असतो. एएमडीच्या चिपमध्ये तो आहे, इंटेलची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. बटण दाबल्यावर मुख्य प्रोसेसरच्या आधी तो जागा होतो, आणि त्यावर चालणारा प्रोग्राम मला वाचता येत नाही. मी वर लिनक्स टाकलं, प्रत्येक स्क्रू माझ्या हातानं पिळला, तरी या घरात सकाळी सगळ्यात आधी उठणारा माणूस माझ्या ओळखीचा नाही.

त्याच्याही खाली गेलं की तळ लागतच नाही. चिपचा आराखडा अमेरिकेत, छपाई तैवानमध्ये, छपाईची अतिसूक्ष्म यंत्रं नेदरलँड्सच्या एएसएमएल या एकाच कंपनीची, त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे. कॅपॅसिटरमध्ये लागणाऱ्या टँटलमचा मोठा वाटा काँगो आणि आसपासच्या खाणींतून येतो, जिथे माणसं हातानं माती उपसतात. त्यांच्यासाठी मी काय निस्तरू शकतो? जवळजवळ काहीच नाही. पण उत्तर देता येत नाही तिथे निदान श्रेय घेऊ नये, आणि वस्तू जास्तीत जास्त वर्षं चालवावी, एवढं हातात आहे. सुटा जोडलेला संगणक इथे बरा पडतो. पंखा गेला तर पंखा बदलायचा, रॅम कमी पडली तर रॅम. अख्खा डबा भंगारात जात नाही. जळालेली मोटर टाकून न देता भरण्यातही हेच शहाणपण आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी उद्यमनगरातल्या लेथना हळद-कुंकू लागतं, काकांच्या वेढे गुंडाळायच्या यंत्राला झेंडूची माळ पडते. ही पूजा आपण केलेल्या मालाची नसते, ज्याच्या जोरावर काम केलं त्याची असते. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. आता वाटतं, वर्षातून एकदा तरी ‘घेतलं’ हा गळलेला शब्द परत जोडायची ती रीत असावी.

वहिनींचा डबा

हे सगळं डोक्यात चालू असताना गल्लीतल्या एक वहिनी आल्या. त्या ई-सेवा केंद्र चालवतात. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म. म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही बनवलाय म्हणं छोटा कॉम्प्युटर. आमच्यालाबी एक द्या की करून. जागा न्हाई बघा टेबलावर.’

माझ्यासाठी जोडताना जो प्रश्न तात्त्विक होता, तो एका वाक्यात व्यवहाराचा झाला. माझा डबा बंद पडला तर माझं एक दिवसाचं काम अडेल. त्यांचा डबा प्रवेशअर्जाच्या शेवटच्या तारखेला बंद पडला, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या पोरीचं वर्ष जाईल. ती मला ओळखणार नाही आणि चिप कुठली होती याच्याशी तिला देणंघेणं नसेल. त्या क्षणी ‘मी बनवला’ म्हणायची मला अजिबात घाई राहिली नाही.

दोन दिवस विचार करून मी हो म्हटलं, पण दोन गोष्टी ठरवून. एक म्हणजे डबा दहा लिटरचा नसेल, थोडा मोठा असेल. त्यामुळे त्यातला कुठलाही भाग कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळेल, आणि मी गावात नसलो तर दुसऱ्या कुणालाही तो उघडता येईल. दुसरं म्हणजे अर्जांच्या हंगामात माझा स्वतःचा डबा त्यांच्यासाठी राखीव. त्यांचा बंद पडला तर पंधरा मिनिटांत माझा त्यांच्या टेबलावर.

संगणक जोडून झाल्यावर झाकण लावायच्या आधी काका येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. त्यांच्या दुकानातला मार्कर मात्र मागून घेतला होता. त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला मी तारीख लिहिली, सगळ्या भागांची यादी लिहिली, आणि खाली माझा मोबाइल नंबर. ‘कुणी बनवला’ असा रकाना मी ठेवला नाही.